राजा गेला, नियम राहिला

एडिसन, न्यू जर्सी. आयटीतलं एखादं मराठी जोडपं, दोघंही एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर. त्यांना मुलगी होते. महिन्याभरात तिचा जन्मदाखला हातात पडतो आणि त्याच्या जोरावर निळा अमेरिकन पासपोर्टही येतो. आईबापांचं ग्रीन कार्ड मात्र रांगेत अडकलेलं. मुलगी शाळेत जाईल, कदाचित कॉलेजातही जाईल, तरी ती रांग सरकलेली असेलच असं नाही. बाळंतपणासाठी सांगलीहून आलेल्या आजींना हे काही केल्या पटत नाही. बाप परका, आई परकी आणि पोर तेवढं इथलं, हे कुठलं शास्त्र?

आजींनी घरातले कागद चाळले, तर आणखी एक कोडं पडेल. जन्मदाखला न्यू जर्सी राज्याचा. जावयाचं ड्रायव्हिंग लायसन्सही राज्याचंच. शाळा चालवतं गावानं निवडून दिलेलं मंडळ, घरपट्टी ठरते गावपातळीवर, मतदारयादी असते काउंटीकडे. एवढ्या बलाढ्य देशाचं केंद्र सरकार या ढिगात जवळजवळ फक्त पासपोर्ट-व्हिसावर भेटतं.

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. हे नियम अमेरिका नावाच्या देशाहून वयानं मोठे आहेत. जुलै १७७६ मध्ये न्यूयॉर्कच्या लोकांनी राजा तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा पाडला आणि ते शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या. कायद्याच्या पुस्तकातला राजा मात्र इतक्या सहज पडला नाही.

एडिनबरोचं पोर, लंडनची जमीन

१६०३ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली आणि स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. राजा एक झाला, पण राज्यं दोनच राहिली. संसदा वेगळ्या, कायदे वेगळे. मग प्रश्न आला, स्कॉटलंडमध्ये जन्मलेला माणूस इंग्लंडमध्ये आपला की परका? हा नुसत्या मानापमानाचा मुद्दा नव्हता. परक्याला इंग्लंडमध्ये जमीन बाळगता येत नसे, आणि जमिनीसाठी माणसं तेव्हाही कोर्टात जात.

रॉबर्ट कॅल्विन नावाचं एक लहान मूल स्कॉटलंडच्या एडिनबरोत जन्मलं होतं, जेम्स इंग्लंडचा राजा झाल्यानंतर. त्याच्या नावावर लंडनजवळच्या शोअरडिचमध्ये जमीन होती आणि ती दुसऱ्यांनी बळकावली, असा दावा त्याच्या पालकांनी लावला. प्रतिवादी म्हणाले, पोरगं परकं आहे, त्याला दावाच लावता येत नाही. प्रकरण एवढं मोठं झालं की १६०८ मध्ये १४ न्यायाधीश बसले. त्यातल्या १२ जणांनी कौल दिला की मूल परकं नाही.

या निकालाचं तर्कशास्त्र एडवर्ड कोक या न्यायाधीशानं लिहून ठेवलं आणि पुढची ४०० वर्षं ते पुरलं. राजाच्या अमलाखालच्या भूमीवर जन्मलेलं मूल पहिल्या श्वासापासून राजाच्या संरक्षणात असतं. त्या संरक्षणाची फेड म्हणजे निष्ठा. निष्ठा आली की प्रजाजनाचे हक्क आले. आईबाप कोण, रक्त कुणाचं, भाषा कुठली, हे विचारायचं कारणच नाही. अपवाद मोजके. परक्या राजदूताचं मूल, किंवा चाल करून आलेल्या शत्रूसैन्याच्या ताब्यातल्या मुलखात त्या शत्रूला झालेलं मूल. कारण ते दोघे त्या भूमीवर असूनही तिथल्या राजाच्या अमलाखाली नसतात. हे अपवाद ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांच्यावरूनच मोठं रामायण घडलं आहे.

कोकच्या नियमाला एक काटाही होता. जन्मानं जडलेली निष्ठा मरेपर्यंत सुटत नाही. प्रजेनं राजीनामा द्यायची सोय नव्हती.

कंपनीची सभा झाली विधिमंडळ

हा निकाल लागला तेव्हा व्हर्जिनियातलं जेम्सटाउन एक वर्षाचं होतं. वसाहत उभी केली होती भागभांडवल गोळा करून काढलेल्या एका कंपनीनं. राजानं तिला १६०६ मध्ये दिलेल्या सनदेत एक कलम घातलं होतं. वसाहतीत राहणाऱ्यांना आणि तिथं जन्मणाऱ्या मुलांना, जणू ते इंग्लंडमध्येच जन्मले आहेत असे सगळे हक्क मिळतील. समुद्रापलीकडे जंगलात माणसं न्यायची तर एवढं आमिष हवंच होतं.

मुंबईकरांना हे कलम ऐकल्यासारखं वाटायला हरकत नाही. दुसऱ्या चार्ल्सनं १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, त्या सनदेतही बेटावर राहणाऱ्या राजाच्या प्रजेच्या मुलाबाळांना असंच अभिवचन आहे. साचा एकच. कंपनी, तिचा गव्हर्नर, त्याचं मंडळ, भागधारकांची सभा. मग मुंबईत विधिमंडळ उगवलं नाही आणि बॉस्टनमध्ये उगवलं, ते का?

कारण सभा कुठं भरते यावर सगळं होतं. ईस्ट इंडिया कंपनीचे मालक लंडनला लेडनहॉल स्ट्रीटवर बसत आणि तिथून हुकूम सोडत. मॅसॅच्युसेट्स बे कंपनीच्या १६२९ च्या सनदेत मात्र भागधारकांची सभा कुठं भरवायची हे लिहिलेलंच नव्हतं. प्युरिटन मंडळींनी ही फट हेरली. पुढच्याच वर्षी त्यांचे पुढारी जॉन विन्थ्रॉप आणि मंडळी सनदेचा कागद पेटीत घालून जहाजात बसली. मालक आणि रयत एकाच किनाऱ्यावर आले आणि कंपनीची सर्वसाधारण सभा त्या वसाहतीची कायदे करणारी सभा होऊन बसली. आजही मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळाचं अधिकृत नाव 'जनरल कोर्ट' आहे. कंपनीच्या बैठकीचं नाव जवळजवळ चार शतकांनंतर तसंच टिकलं आहे. त्या सभेत मत कुणाला, तर 'फ्रीमन' म्हणजे सभासदांना. १६३१ मध्ये त्यांनी ठरवलं की सभासद व्हायचं तर आधी चर्चचा सभासद हवा. ज्यांचा इंग्लंडमध्ये धर्मावरून छळ झाला होता, त्यांनी स्वतःच्या दारावर पहिली पाटी लावली ती धर्माचीच.

तिथं दोन सभागृहं कशी झाली, हा किस्सा सोडवत नाही. बॉस्टनमध्ये रॉबर्ट कीन नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याकडे एक भटकी डुकरीण आली. शर्मनबाई म्हणाल्या, ती माझी. कीन म्हणाला, तुमची ही नव्हेच. खटला चढत चढत जनरल कोर्टापर्यंत गेला. गव्हर्नरच्या मंडळातले बहुतेक कीनच्या बाजूनं, गावोगावचे प्रतिनिधी बहुतेक शर्मनबाईंच्या. एकत्र बसून निकाल लागेना. अखेर १६४४ मध्ये दोघांनी वेगळं बसायचं ठरवलं आणि कायदा दोन्हीकडून मंजूर व्हावा अशी रीत पडली. सिनेट आणि प्रतिनिधिगृह यांच्या भांडणावर आज वर्तमानपत्रं रकाने भरतात. त्या घराण्याच्या मूळ पुरुषांत ही डुकरीणही धरायला हवी.

व्हर्जिनियाची गोष्ट याहून दहा वर्षांहून अधिक जुनी. ३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये २२ निवडलेले प्रतिनिधी गव्हर्नरबरोबर बसले. उकाडा एवढा भयंकर की एक प्रतिनिधी अधिवेशन चालू असतानाच वारला आणि सहा दिवसांत सभा गुंडाळावी लागली. तेवढ्यात त्यांनी तंबाखूचा भावही ठरवला. त्याच महिन्यात कंपनीच्या लंडनमधल्या दप्तरात आणखी एक नोंद झाली. व्हर्जिनियात डांबर आणि राळ करणारे काही पोलिश कारागीर होते, त्यांनी हक्कांवरून तक्रार केली, आणि त्यांना इतर रहिवाशांइतकेच मोकळे हक्क द्यावेत असं ठरलं. हे लोक राजाच्या भूमीवर जन्मलेले नव्हते, पण त्यांचं कसब हवं होतं. हाताला कसब असेल तर दार किलकिलं करायचं, ही अमेरिकी रीत एच-१बीच्या फार आधीची आहे.

एका वसाहतीत जन्माचे दोन नियम

त्याच १६१९ च्या ऑगस्ट महिनाअखेरीस वीसएक आफ्रिकी माणसं घेऊन एक जहाज व्हर्जिनियाला लागलं. माणसं विकली गेली. आता कोकचा नियम लावला तर त्यांची तिथं जन्मलेली मुलं राजाची प्रजा ठरायला हवी होती. तशी ती ठरली नाहीत, आणि कशी ठरली नाहीत ते जवळून पाहण्यासारखं आहे.

एलिझाबेथ की ही गुलाम आफ्रिकी बाईची मुलगी. बाप थॉमस की इंग्रज, शिवाय व्हर्जिनियाच्या सभेचा सदस्य. बाप गेल्यावर तिलाही गुलाम समजून ठेवलं गेलं. १६५० च्या दशकात ती कोर्टात गेली. इंग्रजी कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरतो, माझा बाप स्वतंत्र इंग्रज, आणि माझा बाप्तिस्मा झालेला आहे, असं तिचं म्हणणं. ती जिंकली.

मळेवाल्यांना या निकालातला धोका लगेच कळला. डिसेंबर १६६२ मध्ये सभेनं कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र, हे यापुढे आईवरून ठरेल. गोऱ्या मालकाला गुलाम बाईपासून झालेलं मूल त्याची मालमत्ता झालं. एकाच वसाहतीत, एकाच मातीवर, काहींना जन्मानं हक्क मिळाले आणि काहींना जन्मानं बेडी. अमेरिकी नागरिकत्वाचं पुढचं सगळं भांडण या दोन नियमांमधलं आहे, असं मला वाटतं. बाकीचे तपशील त्याभोवती येतात.

आधी चुली, मग वाडा

१७७६ पर्यंत अशा १३ वसाहती झाल्या होत्या. प्रत्येकीची सनद किंवा स्थापनेची हकिकत निराळी, पण ठेवण सारखी. वर गव्हर्नर, शेजारी त्याचं मंडळ, खाली निवडलेली सभा. बहुतेक वसाहतींत गव्हर्नर राजाचा, पण त्याचा पगार सभा मंजूर करणार. पगार अडवून धरला की लाटसाहेबही नरमतात, हे सभांना फार लवकर उमगलं. खाली दक्षिणेत काउंट्या आणि त्यांचे शेरीफ, उत्तरेत गावसभा. रस्ता, शाळा, कर, भांडणतंटा सगळं तिथंच.

म्हणजे १३ चुली आधीच पेटलेल्या होत्या, वाडा नंतर बांधला गेला. १७८७ मध्ये संविधान लिहायला बसलेल्यांनी कुणाची चूल विझवली नाही. सामाईक चौक, दिंडी आणि बाहेरच्यांशी व्यवहार एवढंच वाड्याकडे दिलं. म्हणून लायसन्स, लग्नाची नोंद, शाळा, मतदारयादी आजही चुलीपाशी आणि पासपोर्ट दिंडीपाशी. आजींच्या दुसऱ्या कोड्याचं उत्तर हे.

नागरिकत्वाचंही तसंच दुपदरी झालं. माणूस आधी व्हर्जिनियाचा किंवा न्यूयॉर्कचा, त्यामुळे अमेरिकेचा. संविधानात 'नागरिक' शब्द आहे, राष्ट्राध्यक्ष जन्मजात नागरिक हवा अशी अटही आहे. पण जन्मजात नागरिक म्हणजे कोण, याची व्याख्या कुठंच नाही. लिहिणारे बरेचसे वकील होते, त्यांनी कोक वाचलेला होता. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट लिहायची कशाला, असं त्यांना वाटलं असावं. या एका मौनाची किंमत पुढे रक्तात मोजावी लागली.

बाहेरून आलेल्यांना सामावून घेण्याचा अधिकार मात्र त्यांनी स्पष्ट शब्दांत केंद्राला दिला. त्यालाही वसाहतींचा इतिहास होता. ब्रिटिश संसदेच्या १७४० च्या कायद्यानं वसाहतीत ७ वर्षं राहिलेल्या परदेशी प्रोटेस्टंटांना प्रजाजन होता येत असे. ज्यूंना आणि क्वेकरांना सवलत, कॅथलिकांना नाही. पुढे राजानं वसाहतींचे स्वतःचे असे कायदे अडवले, आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजावरच्या आरोपांमध्ये हाही एक आरोप आहे. देश झाल्यावर १७९० मध्ये पहिला कायदा आला. २ वर्षं वास्तव्य, चांगली वर्तणूक आणि 'स्वतंत्र गोरा माणूस' असणं. मुदत १७९५ मध्ये ५ वर्षं झाली, १७९८ मध्ये परकीयांच्या धास्तीनं थेट १४, आणि १८०२ मध्ये पुन्हा ५. ती आजतागायत ५ आहे.

चौकट : रांग कशाची, मुदत कशाची

- ग्रीन कार्ड म्हणजे कायमचं राहण्याची परवानगी. ते नागरिकत्व नव्हे.
- ग्रीन कार्डधारकाला साधारणपणे ५ वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेलं असेल आणि दोघं एकत्र राहत असतील तर ३ वर्षांनी. मग इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा, मग शपथ.
- भारतीयांची दशकांची रांग ग्रीन कार्डाच्या आधीची. नोकरीवर आधारित कार्डं वर्षाला सुमारे १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा.
- 'देश' इथंही जन्माचा धरतात, पासपोर्टाचा नाही. पुण्यात जन्मलेला माणूस कॅनडाचा नागरिक झाला तरी भारताच्याच रांगेत. बायको दुबईत जन्मलेली असेल तर मात्र तिच्या जन्मदेशाची छोटी रांग दोघांना धरता येते.
- शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट परत करायचा, हवं तर ओसीआय कार्ड घ्यायचं.

मौन तुटलं ते १८६८ मध्ये

ड्रेड स्कॉट हा गुलाम. मालकानं त्याला गुलामगिरी नसलेल्या मुलखात नेऊन ठेवलं होतं, म्हणून मी स्वतंत्र, असा त्याचा दावा. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आफ्रिकी वंशाचा माणूस, गुलाम असो वा स्वतंत्र, या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. ही १६६२ च्या नियमाची परमावधी. चार वर्षांनी यादवी युद्ध पेटलं.

युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली. अमेरिकेत जन्मलेली किंवा नागरिकत्व दिलेली आणि तिच्या अमलाखाली असलेली प्रत्येक व्यक्ती अमेरिकेची आणि राहत्या राज्याची नागरिक. क्रम उलटला. आता देश आधी आणि राज्य मागून. कोकचा नियम राजाशिवाय संविधानात शिरला.

हे कलम लिहिताना परदेशी मजुरांची मुलं कुणाच्या ध्यानात नव्हती, असं अधूनमधून ऐकू येतं. ते खरं नाही. १८६६ च्या सिनेटमधल्या चर्चेत पेनसिल्व्हेनियाच्या एडगर कोवन यांनी हाच आक्षेप घेतला होता, की मग कॅलिफोर्नियातल्या चिनी माणसाचं मूलही नागरिक होईल. कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस, स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले, उठून म्हणाले की हो, होईल.

पारख झाली वोंग किम आर्कच्या खटल्यात. हा सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला आचारी. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना देशाचं दार बंद झालं होतं आणि चिन्यांना नागरिकत्वही मिळत नव्हतं. १८९५ मध्ये तो चीनहून परत आला तर जकात अधिकाऱ्यानं उतरू दिलं नाही. स्वतःच्या जन्मगावाच्या बंदरात तो कित्येक महिने या जहाजावरून त्या जहाजावर अडकून होता. मार्च १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध २ मतांनी त्याला नागरिक ठरवलं. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी निकालपत्रात पानंच्या पानं इंग्रजी कायद्यावर खर्च केली आहेत आणि त्यात शोअरडिचच्या जमिनीचा तो खटला ठळकपणे आहे. एडिनबरोच्या पोरानं सॅन फ्रान्सिस्कोच्या आचाऱ्याला सोडवलं.

मूळ रहिवाशांना मात्र या नियमाचा उपयोग झाला नाही. त्यांच्या जमाती म्हणजे वेगळ्या सत्ता, त्यामुळे त्यांची मुलं पूर्ण अमलाखाली नाहीत, असं न्यायालयानं १८८४ मध्ये म्हटलं. ज्यांची जमीन होती तेच 'जमिनीवरचा जन्म' या नियमातून वगळले गेले. १९२४ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, साध्या कायद्यानं त्या सर्वांना नागरिकत्व मिळालं.

गोरा कोण, हे न्यायालय ठरवी

जन्माचं दार उघडलं तरी बाहेरून येणाऱ्यांसाठी १७९० ची 'गोरा' ही अट तशीच होती. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, आशियाई बाहेरच. मग आपली माणसं स्वतःला गोरं सिद्ध करू लागली. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयानं मान्यता दिली आणि १९१० मध्ये ती अपिलातही टिकली. पारशी म्हणजे गोरे, असा निवाडा. भगतसिंग थिंद यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचा गणवेश घातला होता. मी आर्य, म्हणून गोरा, असा त्यांचा युक्तिवाद. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शास्त्र काहीही सांगो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. थिंद नाहीत. त्यानंतर सरकारनं आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्वही काढून घ्यायला सुरुवात केली.

याचा फटका कुठं बसला? पुन्हा जमिनीवर. नागरिक होण्यास अपात्र परक्यांना शेतजमीन घेता येणार नाही, असा कॅलिफोर्नियाचा कायदा होता. काही पंजाबी शेतकऱ्यांनी अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणून नागरिक असलेल्या आपल्या लहान मुलांच्या नावावर जमिनी ठेवल्या. आजींना न पटणारी घरातली ती फाळणी, आईबाप परके आणि पोर इथलं, त्या घरांना पोटापाण्याला उपयोगी पडली. भारतीयांना नागरिकत्वाचं दार १९४६ च्या कायद्यानं उघडलं, देशात येण्यासाठी मात्र वर्षाला १०० जणांचा कोटा ठेवून. वंशाची अट सगळ्यांसाठी गेली ती १९५२ मध्ये.

माहेरी मोडलेला नियम

ज्या इंग्लंडमधून हा नियम निघाला तिथं १९८३ पासून तो नाही. आईबापांपैकी एक तरी नागरिक किंवा कायमचा रहिवासी असावा लागतो. भारतानंही १९५० नंतर भूमीवरच्या जन्माचा हाच नियम धरला होता. १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप भारतीय असण्याची अट आली, डिसेंबर २००४ मध्ये ती आणखी कडक झाली. दोन्हीकडे संसदेचा साधा कायदा पुरला. अमेरिकेत नियम घटनादुरुस्तीतून आला आहे. तो बदलायचा तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं आणि मग तीनचतुर्थांश राज्यांची मान्यता हवी. म्हणजे पुन्हा त्या चुलींकडे जाणं आलं.

त्यामुळे ज्यांना तो नको आहे ते अर्थ बदलायच्या मागे लागतात. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला की आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसेल, तर मुलाला जन्मानं नागरिकत्व नाही. एच-१बीवरची जोडपी थेट यात आली. न्यायालयांनी आदेश रोखला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सगळा कीस काढला गेला तो 'अमलाखाली' या शर्तीचा. सरकारचं म्हणणं, तात्पुरता आलेला माणूस पूर्ण अर्थानं अमलाखाली नाही. विरोधकांचा सवाल, एडिसनमध्ये सिग्नल तोडला तर त्याला दंड होतो, तो कर भरतो, गुन्हा केला तर तुरुंगात जातो. मग तो राजदूत आहे की शत्रूचा सैनिक?